तळणीचं तेल

सुगुणन आमच्या हाउसबोटीवर स्वयंपाकी होता आणि मी ती बोट चालवायचो. आलप्पुळ्याच्या सरोवरात तोमाच्चन मुतलालींच्या चार बोटी होत्या. मालकाला आमच्याकडे मुतलाली म्हणतात. त्यांच्या ओसरीवर नोकरांपैकी खुर्ची मिळायची ती एकट्या सुगुणनला. त्याच्या हातचं केळीच्या पानातलं करिमीन, म्हणजे सरोवरातला मासा, खाल्ल्याशिवाय मालकांचा रविवार साजरा होत नसे. कुठली बोट दुरुस्तीला काढायची, कुणाला कामावर ठेवायचं, सगळं त्याच्या कानावर घालून. त्यामुळे गडी जरा तोऱ्यात असायचा.

मग रेमणी आली. खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, एवढंच तिचं काम. राहायला सरोवराला मिळणाऱ्या कालव्याच्या काठावर. एकदा मालक बोटीवर आले, तेव्हा ती हातातला झाडूही खाली न ठेवता म्हणाली, "मुतलाली, पाहुण्यांच्या संडासाची टाकी आपण सरोवरात सोडतो. त्याच पाण्यात मी तांदूळ धुते."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नव्हतं. आता ही घरी जाणार असं मला वाटलं, पण मालक चिडले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मग काय करायचं? तूच सांग."

चहा घेऊन आलेला सुगुणन कप न देताच माघारी वळला.

"काल आली नि आज मालकांना शिकवते," मागे येऊन तो माझ्यापाशी फणफणला. "चादर धड पिळता येत नाही तिला."

"पण खोटं काय बोलली?"

"खोटं नाही रे बेबिच्चा. पण इतकी वर्षं मी शेजारी बसतोय. मला कधी म्हणाले, तूच सांग म्हणून?"

धक्क्यावर टाकी उपसून द्यायची सोय होती. पण तिथं रांग लागायची, खर्च यायचा, पाहुणे खोळंबायचे. मालकांनी चालढकल सुरू केली. तेव्हा रेमणी चारही बोटींवर फिरली आणि आम्हा चालकांशी बोलली. आम्ही मालकांना कळवलं, टाकी आमच्या हातून सरोवरात सुटणार नाही. सुगुणन तेवढा आमच्यात आला नाही. जेवताना तो रेमणीच्या पानात माशाचं शेपूट टाकायचा, नाहीतर कालवणातला नुसता रस्सा. ती मुकाट्यानं जेवायची, याचाही त्याला राग यायचा.

एका रविवारी मी बोटीच्या किल्ल्या द्यायला मालकांकडे गेलो, तर सुगुणन ओसरीवर बसलेला.

"सुगुणा, तू माझा जुना माणूस," मालक म्हणाले. "खरं सांग. ही पोरं त्या बाईच्या नादाला लागलीत, की मनापासून बोलतायत?"

तो नुसतं 'नादाला लागलीत' म्हणाला असता, तरी रेमणीचं काम गेलं असतं.

सुगुणननं माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे. "मुतलाली, त्या बाईला अर्धंच माहीत आहे. माझ्या चुलीवरचं तळणीचं तेलही रोज सरोवरातच जातं. आपण ज्या पाण्यातलं करिमीन खातो ना, त्याच पाण्यात. हे सांगितलं तिनं तुम्हाला? मी सांगतोय."

"म्हणजे तूही त्यांच्यातलाच?"

"त्यांच्यातला कशाला? त्यांच्या पुढचा!"

मालक म्हणाले, "तूही तेच म्हणतोस, तर आता मी कुणाच्या जिवावर नाही म्हणू?"

त्या आठवड्यापासून आमच्या बोटी धक्क्यावर रांगेत उभ्या राहू लागल्या. तेल डब्यांत साठून साबणवाल्याकडे जाऊ लागलं. आणि या सगळ्यावर देखरेख करायला मालकांनी नेमलं रेमणीला. ते ऐकलं त्या दिवशी सुगुणननं तिच्या पानात शेपूटसुद्धा टाकलं नाही.

पुढे बोटमालकांची बैठक भरली. बोलायला मालकांनी रेमणीला नेलं. सुगुणनला नेलं ते सगळ्यांचं जेवण रांधायला. बैठक सुटल्यावर ती स्वयंपाकघरात डोकावली.

"तेलाचं सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं की, चेटा." थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला चेटा म्हणायची. "सगळ्यांना पटलं."

"माझं नाव घेतलंस?"

रेमणीनं जीभ चावली. "अय्यो, विसरलेच!"

त्यानं हातातला डाव पातेल्यात आपटला आणि न जेवता घरी निघून गेला.

हळूहळू दुसऱ्या बोटींवरचे स्वयंपाकी तेल कसं गाळायचं, कसं साठवायचं ते विचारायला येऊ लागले. सुगुणन प्रत्येकाला बसवून घ्यायचा, चहा पाजायचा, नीट शिकवायचा. आणि निरोप देताना बजावायचा, "ही युक्ती माझी आहे बरं का. त्या रेमणीची नव्हे."