उजव्या हाताचं घर

ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात मी रजिस्ट्रार डॉक्टर होते, तेव्हा माझी जवळची म्हणावी अशी एकच मैत्रीण होती, आमच्या वॉर्डची सिस्टर. दक्षिण आफ्रिकेतली, खोसा जमातीची. तिचा नवरा तिकडच्या एका राजाचा थोरला मुलगा; इथे तो बस चालवायचा. सासऱ्यांनंतर गादीवर नवरा, मग आपला मुलगा, हे ती इतकं सहज सांगायची की मीही ते धरूनच चालले होते.

इराकचं युद्ध सुरू झालं त्या वसंतात तो आमच्याच वॉर्डात दाखल झाला. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. एका दुपारी ती जेवायला गेलेली पाहून त्याने मला थांबवलं. वडिलांच्या आजारपणात तो गावी गेला होता, तेव्हा लोकांनी त्याचं दुसरं लग्न लावून दिलं होतं. त्या मुलीच्या माहेरी द्यायची गुरं सगळ्या गावाने मिळून दिली, म्हणून ती पट्टराणी, आणि गादी तिच्या मुलाची. तो आता सहा वर्षांचा होता. इथली बायको आधीची, पण तिचं घर उजव्या हाताचं. म्हणजे मानाचं, पण दुय्यम.

"तिला सांगू नका, डॉक्टर. मीच सांगेन."

त्याने सांगितलं नाही. चार आठवड्यांनी तो गेला. मीही गप्प राहिले. पेशंटची गुप्तता, असं स्वतःला बजावत राहिले. खरं म्हणजे तिचा चेहरा मला बघायचा नव्हता.

शव न्यायला दोन चुलत सासरे आले. तिने मला सोबतीला बोलावलं होतं. मुलाने नवा सूट घातला होता. त्याला भाषा धड येत नव्हती, म्हणून म्हाताऱ्यांचं बोलणं ती आम्हा दोघांना इंग्रजीत सांगत होती. मध्येच ती थांबली. मुलाने विचारल्यावर तिने उरलेलंही सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. मग माझ्याकडे पाहिलं. मला आश्चर्य वाटलेलं नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्यानेच सांगू नको म्हटलं होतं, असं मी पुटपुटले.

"तो जिवंत असताना मला त्याच्याशी भांडता आलं असतं."

शवाबरोबर ती गेली, दफनाला त्या दुसरीच्या मागे बसली आणि परत आली. मुलगा गेला नाही. धाकट्या भावाच्या पाठीशी उभं राहायचं, असा त्याला निरोप होता. त्याने आडनावच बदलून घेतलं. ती माझ्याशी पेशंटपुरतं बोलायची, तेही "डॉक्टर" म्हणून. वर्षभरात तिने बदली घेतली.

मी कुठलाच नियम मोडला नव्हता.