गरम पोळी

स्वयंपाकघराचं काम काढलंय. ओटा फोडल्यापासून आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवतो. काल वाढप्याने तव्यावरची एक पोळी आणली. बायकोने ती माझ्या ताटात सरकवली आणि स्वतः टोपलीतली गार घेतली.

"अगं, तू खा की गरम."

"मला गारच आवडते."

लग्नापासून मी हे ऐकतोय आणि सोयीने खरं मानतोय. काल मात्र चिडून ती पोळी मी तिच्या ताटात टाकली. तिने फुगा फोडला, वाफेने बोट भाजलं, तरी थांबली नाही. भाजीला हात न लावता नुसती पोळीच खाऊन संपवली.

माझं डोकं फिरलं. मी वाढप्यावर ओरडलो, "दुसरी कुठाय? किती वेळ?"

"ओरडताय कशाला?" ती म्हणाली, "तव्यावर एका वेळी एकच होते."

घरी तव्यापाशी ती उभी असायची आणि टेबलावरून 'आण गं अजून एक' म्हणणारा आवाज माझा असायचा.

दुसरी पोळी आली. तिचा हात पुन्हा माझ्या ताटाकडे वळला. त्या हाताचा मला राग आला, आणि त्याला ही सवय लावणाऱ्याचा त्याहून जास्त.