एकटा पायमोजा

भांडण भिंतीपलीकडे चाललं होतं आणि पुढे सगळे जिला मावशी म्हणू लागले, ती तेव्हा एवढीशी पोर होती. बाप म्हणत होता, "हिच्या डोक्यात आकडा शिरत नाही. उगाच शाळेत धाडू नकोस." आई म्हणाली, "तुम्ही कधी तिला जवळ घेऊन बसलात?" आईचं काही चाललं नाही. शाळा कायमची सुटली, बापाचं वाक्य मात्र मनातून हललं नाही.

पुढे ती लॉन्ड्रीत लागली. वसतिगृहातले पायमोजे धुवायचे, घरी आणून जोड्या लावायच्या, पोचवून यायचं. वर्षं गेली, घरात सून आली. ती कामावर गेली की नात चिमी मावशीपाशीच. दोघी ढिगात बसायच्या. "याचा भाऊ शोध गं," मावशी म्हणायची. ज्याचा भाऊ सापडत नसे, तो खिडकीत बसून वाट बघे.

एकदा एक बाई घरी आल्या. घरची माणसं लहान मुलांना गणिताची गोडी कशी लावतात, हे त्या घरोघरी पाहत होत्या. सूनही मुद्दाम थांबली होती. बाईंनी सहा ठोकळे मांडले. किती?

चिमीने दोन-दोन शेजारी सरकवले आणि ऐटीत म्हणाली, "तीन."

सुनेचा चेहरा उतरला.

"आई, मनाला लावून घेऊ नका," सून हळूच म्हणाली, "पण उद्यापासून हिला पाळणाघरात ठेवू."

कसं नाही लावून घ्यायचं? बापाचं बोलणं नातीच्या तोंडून खरं झालं होतं.

बाईंनी आणखी एक ठोकळा ठेवला. चिमीने तो उचलून खिडकीत नेला. "तीन, आणि हा एकटा."

बाई बघतच राहिल्या. एकेक करून मोज बरं, म्हणाल्या. आकडे सुनेनं पाठ करून घेतले होतेच. चिमीने खिडकीतल्यासकट सात मोजले, हे काय विचारणं अशा थाटात.

"जोड्या कुणी शिकवल्या?"

"आजीनं."

बाई सुनेला म्हणाल्या की हेही गणितच, फक्त आता दोन्ही रीतींनी मोजत जा, मोठ्यानं. सुनेचा आ वासलेला. एवढी वर्षं आपण काय करत होतो, हे मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाळणाघराचं नाव पुन्हा निघालं नाही.

ज्या दिवशी मावशीनं डोळे मिटले, त्या सकाळीही चिमीने जोड्या मोजल्या, मावशीनं एकेक पायमोजा, मोठ्यानं. एक उरला. तो खिडकीत ठेवून, गाठोडं काखोटीला मारून मावशी वसतिगृहात पोचवून आली.