पांढरा प्लग
मोठ्या मामांनी मला पदवीपर्यंत शिकवलं आणि आपली जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइकही विश्वासाने सोपवली. त्यांच्याइतका मी कोणाचाच ऋणी नाही. जळक्या ऑइलचा वास आला की पुण्याबाहेरचा तो मातीचा ट्रॅक आठवतो. शर्यतीच्या सकाळी गाडी चढावर अडखळत होती. एक स्पर्धक आपणहून आला आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा, लहान छिद्राचा जेट पुढे करत म्हणाला, “अहो, तुमची गाडी पेट्रोल जास्त पितेय. हा घाला. फुकट आहे, म्हणून संशय घेऊ नका.” संशय तिथेच आला. तरी जेट बदलून एक फेरी मारली. गाडी सुसाट पळाली. पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही कमी, आणि इंजिन जाम होण्याआधी असंच पळतं, हे मामांनी सांगितलं होतं. मी थांबून स्पार्क प्लग काढला. एरवी चहाच्या रंगाचा असणारा प्लग खडूसारखा पांढरा झाला होता, म्हणजे इंजिन आतून भाजत होतं. तेवढ्यात शर्यतीसाठी नावं पुकारली. मी गाडी ढकलत ट्रॅकबाहेर नेली. “काय, घाबरलात?” तो हसला. त्याचा हेतू मला आजही कळलेला नाही. मामांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सदाशिव पेठेतल्या खोलीवर येऊन पत्र लिहिलं: ‘मामा, शर्यतीत उतरलो नाही. गाडी फारच छान पळत होती.’