डहाळीचं टोक

सुमनताई, माझी थोरली बहीण, जाऊन पाच आठवडे झाले. कुडव्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात मी ब्लाउजला हूक लावत होते, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मावशी, आई रस्त्यात पडली. लवकर ये." दवाखान्यात पोचले तर वाचा गेलेली. जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेली बाई, आणि तोंडातून शब्द निघेना... तरी तिनं डाव्या हाताचं बोट उचलून खिडकीबाहेरचा कडुनिंब दाखवला, आणि मी तिकडे पाहिलं का, ते माझ्या डोळ्यांत पाहून घेतलं. "पाहिला वं," म्हटलं तेव्हा हसली. तिसऱ्या दिवशी गेली.

शब्दांच्या आधी माणूस बोटानं दाखवायला शिकला, आणि समोरच्यानं पाहिलं का ते पाहायला शिकला, असं ती वर्गात सांगायची. मरता मरताही शिकवूनच गेली म्हणा ना.

हे तिला पुस्तकात सापडलं नव्हतं. आमचे आईबाप तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायचे. वाट फुटली की पुढचा माणूस डहाळी मोडून जमिनीवर ठेवायचा. टोक जिकडे, तिकडे तो गेला. मी सातआठ वर्षांची, भारी खोडकर. एकदा गंमत म्हणून टोक फिरवलं. मागून येणारी आई भलत्याच वाटेला लागली आणि दिवस कलल्यावर काट्यांनी पाय फाडून घरी आली. बाबांनी मारलं नाही. "काऊन फिरवलीस? डहाळी म्हणजे आपलं बोलणं होय," एवढंच म्हणाले. मला मार परवडला असता.

ताईनं पुढे तोच किस्सा आपल्या प्रबंधात घातला. मी तणतणले, "माझी अब्रू कायले काढून राहिलीस?"

"अवं, वाघाचा माग खोटं बोलते का?" ती म्हणाली. "तो नुसता उमटते. डहाळी दुसऱ्यासाठी ठेवलेली असते, म्हणून तिले खोटं बोलता येते. अन् आईनं इस्वास ठेवला, म्हणून तर ती चुकली. भाषा तिथून सुरू झाली, पोरी. तुझ्याबिगर माझा मुद्दाच उभा राहत नाही."

मार्गदर्शक सर म्हणाले, डहाळीवर तत्त्वज्ञान होत नाही, ते पान काढा. ताई अडून बसली. पदवी लांबली, बढती हातची गेली, पण पान राहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या परीक्षकांनी तेवढ्याच पानावर तासभर प्रश्न विचारले. मागच्या बाकावर बसून मला अर्धंच कळत होतं, पण छाती अशी फुगली होती की माझ्याच हातचा ब्लाउज उसवतो की काय, असं वाटलं.

घरी मोबाईल असूनही ताई बाहेर जाताना पायरीवर डहाळी ठेवायची, भाच्याला कळावं म्हणून. टोक डावीकडे, तर वाचनालय. उजवीकडे, तर माझं घर. मी चिडवायची, "पोराले फोन कर ना!" ती म्हणायची, "फोन काय, कोणीही करते."

परवा तिच्या घरी गेले. ती पडली त्या सकाळची डहाळी पायरीवर तशीच होती, पानं वाळून गेलेली. भाच्याला उचलवत नाही म्हणे. टोक उजवीकडे होतं.

ताई माझ्याकडेच यायला निघाली होती. मी डहाळीला हात लावला नाही. एकदा टोक फिरवलं, तेवढं बस झालं.