डावा पीळ

व्याख्यान तीन वाजता होतं. प्राध्यापकपदाची निवड त्यावरच ठरणार होती, आणि सकाळपासून मी घरातल्या सगळ्यांवर खेकसत होते. दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात सगळे म्हणजे एकटी आत्या. घाटावरच्या गुरुजींसाठी ती टकळीवर जानव्याचं सूत कातते. सुतातलं तिला माझ्याआधीपासून कळतं, हे मी कधी कबूल केलं नव्हतं.

माझं म्हणणं सोपं होतं. एका प्राचीन वस्तीच्या टेकाडात जळका दोरा सापडला होता, उजव्या पिळाचा. नदीपलीकडच्या टेकाडात दोरा उरलाच नव्हता, मडक्यांच्या खापरांवर त्याचे ठसे तेवढे होते, डाव्या पिळाचे. पीळ देणारा हात सहसा बदलत नाही, आई जसा वळते तसाच मुलगी वळते. म्हणजे इथे दोन वेगळे समाज राहत होते, असं मी बारा वर्षं ठासून सांगत आले.

आत्याने खापराचा फोटो पाहिला. "हा तर आपलाच पीळ आहे गं."

"डावा आहे तो. तुला काय कळतंय त्यातलं?"

ती रागावली नाही. पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेतला, त्यावर जानवं दाबलं आणि अलगद उचललं. "आता बघ. धागा सीधा, छाप उलटी."

ठसा उलटा उमटतो हे मी दरवर्षी वर्गात शिकवते! धावत जाऊन उत्खननाच्या पहिल्या हंगामाची वही काढली. समासात माझंच अक्षर होतं: 'खापरावरून थेट नोंद. नंतर उलटवणे.' ते राहूनच गेलं होतं. म्हणजे नदीपलीकडचा दोराही उजव्याच पिळाचा होता.

निवडसमितीत सुतातलं कुणालाच कळत नव्हतं. गप्प बसले असते तर सहज खपून गेलं असतं. गल्ल्या ओलांडून रिक्षा पकडेपर्यंत, मग विभागाचा जिना चढताना, मी तेच घोकत होते आणि मला माझीच लाज वाटत होती.

तीन वाजता मी घरून आणलेला डबा उघडला आणि ठसा उमटलेला तो कणकेचा गोळा समितीपुढे टेबलावर ठेवला.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "दोन समाज नव्हतेच. एकच होता."

पद दुसऱ्याला मिळालं. संध्याकाळी आत्याने सगळं ऐकून घेतलं, टकळी थांबवली.

"चांगलं केलंस. दाखवलं कुणी, ते सांगितलंस?"

ते मी सांगितलं नव्हतं.