दिपालीला हुंकारा हवा होता

बिरूची दिपाली बारामतीला इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. करते, ही बातमी गावात मीच पसरवली. पसरवताना थोडं तिखटमीठ लागलं असेल. मग मानसिंग फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन तिच्या दारात हजर. बाटलीवर मराठीतही लिहिलं होतं, पण त्याला ते इंग्रजीतनंच वाचून हवं होतं. तिची आई सिंधुबाई खूश, लेकीच्या शिक्षणाला गिऱ्हाईक आलं.

पोरगी नक्की काय शिकते, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गंमत कळली असती. तिच्या निबंधाचा विषय होता मेंढपाळ. इंग्रजी कवितेतले, बरं का. ते म्हणे दिवसभर झाडाखाली बासरी वाजवतात आणि जमलं तर प्रेमात पडतात. इकडं बिरूची उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली. आता कळप विकून तो शेती करतो आणि हंगामात माळेगावच्या कारखान्यावर ट्रॅक्टरनं ऊस ओढतो.

निबंध वर्गापुढं वाचायचा होता. मार्कांची तिला फिकीर नव्हती. कुणीतरी नीट ऐकावं, एखादा प्रश्न विचारावा, एवढीच तिची हाव. पण वर्गात पटावर पुष्कळ आणि बाकावर दोघी-चौघी. त्यातली उत्कर्षा तर लग्न ठरेपर्यंतच येणार होती.

म्हणून दिवाळीआधी ती रोज संध्याकाळी बापाला वाचून दाखवायची. आमच्याकडं कुणी काही सांगू लागला की ऐकणाऱ्यानं मधून मधून ‘हं’ म्हणायचं, हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की सांगणारा थांबतो. समोरचा झोपला म्हणून समजायचं. बिरूला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं एक हुंकारा चुकवला नाही. शेवटी तिनं मराठीत सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

“हे बासरी वाजवत बसल्यावर मेंढरं कोण राखतं?”

दिपालीनं म्हणे तो प्रश्न निबंधातच घातला.

मग हंगाम लागला आणि बिरू ट्रॅक्टर घेऊन गेला.

वाचनाच्या दिवशी पुण्याहून परीक्षक आले. दिपालीनं पहिला परिच्छेद वाचला आणि सवयीनं थांबली. वर्ग गप्प. पोरगी घाबरली असं वाटून बाईंनी पुढं वाचायची खूण केली. दुसऱ्या परिच्छेदाला तेच. उत्कर्षा तोंडावर ओढणी धरून हसली. परीक्षक मोबाइल बघत होते. तेव्हा दिपालीनं स्वतःच हळूच ‘हं’ म्हटलं आणि पुढं वाचत गेली. असा प्रत्येक परिच्छेद. संपल्यावर बाईंनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? कुणालाच नव्हता. परीक्षक छान म्हणाले आणि सगळे चहाला गेले.

हे मला कसं कळलं? इंदापूरच्या एसटीत मी तिच्या मागच्याच सीटवर होतो. ती फोनवर बापाला सांगत होती आणि माझे कान काही बंद करता येत नाहीत. बिरू कारखान्यासमोर ट्रॅक्टरच्या रांगेत अडकलेला, दोन रात्रींचा जागा. फोन तिनं स्पीकरवर टाकलेला. त्याचा ‘हं’ मलाही ऐकू येत होता. ती बाईंचं सांगायची, हं. उत्कर्षाचं सांगायची, हं. लासुर्ण्याचा थांबा मागं पडला.

“आणि आबा, तुमचा प्रश्न मी मोठ्यानं वाचला,” ती म्हणाली.

पलीकडून काही आलं नाही. इंजिनाची घरघर तेवढी, आणि त्याहून जवळची दुसरी घरघर. बिरू स्टिअरिंगवरच झोपला होता.

दिपाली थांबली. फोन मात्र तिनं ठेवला नाही, तसाच मांडीवर धरून बसली.

मला राहवलं नाही. मी मागनं म्हटलं, “हं. मग?”

तिनं वळून बघितलं. हसली थोडी.

“तात्या, तुमी उद्या गावभर सांगाल.”

मी नाही म्हणालो नाही. तिनं तोंड खिडकीकडं वळवलं, आणि गाव येईपर्यंत मांडीवर तिच्या बापाची झोप घरघरत राहिली.